छत्तीस अंश

पाचाला पाचच भोकं होती,
म्हणून आम्ही निवांत होतो.
शांतिनाथनं स्वतःची गाडी विकली तेव्हा
ही चार चाकं तेवढी ठेवून घेतली होती,
टायरचे काटे अजून बोटाला लागणारे.
लग्नात त्यानं आणलेली तीच मोठी वस्तू.
बाकी दोन बॅगा, आणि आईचा मिक्सर.

पिकअप माझी. म्हणजे भूपालची.
कागदावर माझं नाव चढून तीन वर्षं झाली,
पण दारावरचं 'चौगुले बेकरी' त्याच्या हातचं,
'री'ची वेलांटी वर काचेला टेकलेली.

जॅक लावला, जुनं चाक उतरवलं, नवं धरलं.
एक बोल्ट शिरला.
दुसरा पत्र्याला अडला.
उरलेले तीन लांबूनच बघत राहिले.
सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या,
"बसत नसंल तर कशाला बसवताय?"
चाकाबद्दलच बोलत होत्या. बहुतेक.

मिरज एमआयडीसीत, तारेच्या कारखान्यामागं
बाबालाल शिकलगारचं लेथ.
आजोबा तलवारींना धार लावायचे म्हणतो,
वडील कात्र्यांना, अडकित्त्यांना.
हा चष्मा कपाळावरून खाली ओढतो
आणि हबच्या तोंडावर व्हर्निअर टेकवतो.
"चाराला, सहाला समोरासमोर भोक असतंय,
सरळ मोजलं की झालं.
पाचाला समोर कोण नसतंय, वहिनी.
शेजारच्यापासनं शेजारी मोजायचं,
आणि एक पूर्णांक सातनं गुणायचं."
हबला सदुसष्ट, म्हणजे एकशे चौदाचं वर्तुळ.
चाकाला ब्याऐंशी. एकशे एकोणचाळीस.
खडूनं त्यानं ते दारावरच लिहिलं,
बेकरीच्या नावाखाली, खारीच्या भावासारखं.

जुने बोल्ट ठोकून काढायचे होते.
चार निघाले. पाचवा जागचा हलेना.
तो भूपालनं शेवटचा आवळलेला,
जयसिंगपूरच्या फाट्यावर, भर उन्हात,
पान्यावर उभा राहून, दोन्ही पायांनी.
बाबालालनं घण उचलला.
शांतिनाथ म्हणाला, मी चहा सांगून येतो,
आणि बराच वेळ आला नाही.

आल्यावर विचारलं त्यानं,
जुनी भोकं वेल्डिंगनं बुजवायची का?
निदान दिसायला तरी बरं.
"बीड हाय. तापवलं की तडकतंय.
राहू देत की, खात न्हाईत काय.
दोन भोकांत बहात्तर अंश,
नवं मधोमध मारतो. छत्तीसवर."
"छत्तीसचा आकडा?" मला हसू आलं.
"आकडा वाईट," तो म्हणाला,
"पर मोकळी जागा तिथंच हाय."

कड पुरते का पाहिलं. पुरली, जेमतेम.
मग ड्रिल उतरलं.
बिडाचा कीस निघत नाही, चुरा पडतो,
मिश्रीसारखा, काळा, बोटाला चिकटणारा.
चार हब, चार ड्रम,
एकेकाला पाच भोकं,
दुपारभर तेच एक रडगाणं पत्र्याच्या शेडमध्ये.

संध्याकाळी हब हातात आलं.
दहा भोकं.
पाचांत नवे बोल्ट, पाच आरपार.
एकातून मी पाहिलं:
शांतिनाथच्या शर्टाची एक चौकट,
तिचं बटण तुटलेलं.
चाक चढलं की यातलं कुणाला काही दिसत नाही.

"पन्नास किलोमीटरनं परत आवळा, वहिनी.
नवं बसलेलं जरा ढिलं होतंय."

पहाटेची शिरोळची फेरी करून येताना
अंकलीच्या पुलाअलीकडं गाडी बाजूला घेतली.
रिकामे ट्रे मागं खडखडून गप्प झाले.
त्यानं बॅटरी धरली, मी पाना.
एक सोडून एक, चांदणी काढतात तसं.
पुढच्या डाव्या चाकाचा तिसरा नट
पाव फेरा फिरला.
बाकीचे जागच्या जागी होते.
तरी मी परत एकदा, पहिल्यापासून.